गाणं, पण बारीक आवाजात

आमच्या घरी रात्री साडेनऊनंतर ताट खाली ठेवतानासुद्धा माणसं हात सांभाळतात. बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका आला. त्यातून ते उठले, चालते झाले, पण झोप पार पातळ झाली. कडी वाजली तरी जागे होतात आणि मग पहाटेपर्यंत आढ्याकडं पाहत पडून राहतात. पलीकडच्या खोलीत मोठी लेक बारावीचा अभ्यास करत असते. या दोघांच्या मधल्या बैठकीत मी आणि माझं गाणं ऐकायचं वेड. दिवसा शाळा, शाळा सुटली की वावर, मग बाबांचं जेवण-औषध. उरते ती साडेनऊ ते अकराची वेळ. हेडफोन लावता येत नाही, कारण बाबांनी हाक मारली तर ती ऐकू यायला पाहिजे.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुक्यातलं. घर जुनं, मातीच्या दीड हात जाड भिंतींचं. वर अर्ध्यात कवेलू, अर्ध्यात टिनं. बैठक दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब. हे माप आत्ताच सांगून ठेवतो, पुढं लागेल.

सात-आठ वर्षांपूर्वी दिवाळीला एक होम थिएटर घेतला होता. पाच चिमुकले डबे आणि एक वूफरची, म्हणजे खालच्या सुरांची, पेटी. क्रिकेटचे सामने, सिनेमे, पोरांचे वाढदिवस त्यानं झकास निभावले. पण आवाज बारीक केला की त्याचं सोंग उघडं पडायचं. वसंतराव देशपांडे लावावेत तर वसंतराव तेवढे उरायचे, तबलजी जणू उठून चहाला गेलेला. डग्गा नाही, तानपुरे नाहीत. नुसता गळा, तोही टिनाच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखा. (वसंतराव म्हणजे आमच्या बाजूचे, जन्म मूर्तिजापूरचा. यवतमाळहून दारव्हा-कारंजा करत जी शकुंतला आगगाडी जायची ती मूर्तिजापूरलाच. त्यामुळे त्यांचं असं हसं झालेलं मला अंमळ जास्तच लागायचं.)

वरून वूफर मधेच झोपी जायचा. त्याच्यात आपोआप बंद होण्याची सोय असते. येणारा सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली काही वेळ राहिला की पेटी समजते, गाणं संपलं. मी आपला बारीक लावून बसलेलो, आणि तिला वाटायचं घरात कोणी नाही.

बरेच दिवस मी हे असंच धकवलं. मग एका रात्री लाईट गेली. लेकीनं आपला मुठीएवढा ब्लूटूथ डबा टेबलावर ठेवून कुमार गंधर्व लावले, अगदी कुजबुजत्या आवाजात. आणि त्यात डग्गा होता! घुमारा म्हणावा असा नसेल, पण हात कातडीवर घासल्याचं कळत होतं. माझ्या सहा डब्यांना जे जमत नव्हतं ते या मुठीला कसं जमलं, हे काही मला झोपू देईना.

नंतर समजलं ते असं. त्या डब्यात एक चिप असते. आवाज जसजसा कमी कराल तसतशी ती खालचे सूर, म्हणजे खर्जाकडचे, आपणहून वाढवत जाते. असं करावं का लागतं, तर आपला कान तसा आहे म्हणून. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. माणसांना वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवून कोणता सूर किती जोरात लावला म्हणजे सारखाच मोठा वाटतो, ते त्यांनी टिपलं. त्याच्या वक्ररेषा आज आयएसओ २२६ या नावानं प्रमाण धरल्या जातात. २००३ मध्ये त्या पुन्हा तपासून दुरुस्त केल्या आणि २०२३ मध्ये आणखी एकदा.

त्यातला एकच हिशेब इथं देतो, कारण माझं सगळं कोडं त्यात सुटलं. गळ्याच्या पट्टीतला, म्हणजे हजार हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर वाजतो आहे असं धरा. डग्ग्याच्या पट्टीतला शंभर हर्ट्झचा सूर तितकाच मोठा वाटायला सुमारे ९२ डेसिबल लागतात. आता आवाज बारीक करून हजारचा सूर ४० वर आणला. शंभरचा सूर बरोबरीनं वाटावा म्हणून त्याला सुमारे ६४ पाहिजेत. पण आवाजाचं बटण तर सगळ्यांना सारखंच कापतं. चाळीस इकडे कापले तसे तिकडेही कापले आणि डग्गा ५२ वर येऊन पडला. बारा डेसिबलचा खड्डा. सगळ्यात वरच्या सुरांचंही थोडंफार असंच होतं, पण खालच्यांइतकं नाही.

शेतकऱ्याला हे सांगायला आकडे लागत नाहीत. पाटाला पाणी भरपूर सोडलं की सगळे वाफे भिजतात. पाणी बारीक केलं की मधले वाफे पितात आणि टोकाचे कोरडे राहतात. गळा मधल्या वाफ्यात बसतो. डग्गा अन् तानपुऱ्याचा खर्ज टोकाला.

आता मला असा स्पीकर शोधायचा होता, जो टोकाच्या वाफ्यापर्यंत पाणी नेईल.

ज्याला त्याला विचारलं आणि ज्यानं त्यानं एकच उत्तर दिलं, 'सेन्सिटिव्हिटी जास्त असलेला घ्या.' म्हणजे एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा. घरातल्या स्पीकरचा साधारण ८४ ते ९० असतो. आकडा जास्त तर कमी वीजेत मोठा आवाज, इथपर्यंत ठीक. पण लोक त्याच्या पुढं एक उडी मारतात, की जो थोड्या वीजेत मोठा वाजतो तो बारीक आवाजातही चांगलाच वाजणार. मीही मारली होती. खाली उतरवलं ते गावातल्या मंडपवाल्यानं.

त्याच्याकडं मी सहज विषय काढला तर म्हणे, "गुरुजी, मंग भोंगाच घ्या ना! त्याच्याइतका सेन्सेटिव कोन हाय? एका बॅटरीवर आर्धं गाव जागं करते."

हसण्यावारी नेलं, पण घरी येताना डोक्यात तेच. भोंग्याचा आकडा शंभराच्या वर असतो. आमच्या शिवारात हरभऱ्यात रानडुकरं येऊ नयेत म्हणून लोक रात्रभर भोंगे लावतात. कुत्र्याचं भुंकणं, माणसाची हाळी, फटाके, असं रेकॉर्ड केलेलं चालू ठेवतात. बारा व्होल्टची बॅटरी आणि आवाज नाल्यापलीकडं जातो. तोच भोंगा बारीक करून त्यावर किशोरीबाई लावा आणि सांगा. भोंगा बारीक केला तरी भोंगाच राहतो. त्याच्यात खालचे सूर नाहीतच, तर वाचतील कुठून? रात्री दीड-दोन वॅटच्याही खाली ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला वीज वाचवायची गरजच नव्हती.

मग नागपूरला गेलो. यवतमाळहून एसटीनं जायचं, रविवार मोडायचा. सीताबर्डीच्या बाजूला एक मोठं दुकान, नाव सांगत नाही. पोरगा भला होता, पण त्यानं पहिल्यांदाच असा आवाज सोडला की माझा चष्मा थरथरला. म्हटलं, बारीक कर. त्यानं थोडा केला. आणखी कर. आणखी केला. मी म्हटलं, अजून. तेव्हा तो माझ्याकडं पाहत राहिला.

"सर, इतक्या हळू ऐकायला कोणी एवढे पैसे देते का?"

त्याचंही बरोबर होतं. आणि खरं तर त्या खोलीत बारीक लावून काही कळतही नव्हतं, कारण डोक्यावर एसी घोंघावत होता आणि काचेपलीकडं रस्ता. चार जोड्या ऐकल्या. प्रत्येक वेळी जी जरा मोठी वाजली ती आवडली. ही कानाची जुनी खोड आहे आणि दुकानदारांना ती ठाऊक असते. परतीच्या एसटीत ठरवलं की स्पीकर घरी आणून, रात्री साडेनऊनंतर ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही. यवतमाळ-अमरावतीकडं दोन-तीन मित्र होते ज्यांना हेच वेड आहे. त्यांच्याकडून जोड्या उसन्या आणायच्या.

उसनं आणायचं तेही नेमकं डिसेंबरात ठरलं. डिसेंबरात आमच्या बैठकीत कापूस असतो.

विदर्भाबाहेरच्यांना सांगावं लागेल. भाव पाहिजे तसा नसला की वेचलेला कापूस विकत नाहीत, घरातच भरून ठेवतात. त्या वर्षी, २०२४-२५ च्या हंगामात, लांब धाग्याला हमीभाव होता ७५२१ रुपये क्विंटल आणि गावात फिरणारे व्यापारी त्याच्या खालीच मागत होते. बाबा म्हणाले, "राहू दे." म्हणून बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागात अठरा-वीस क्विंटल कापूस, छातीएवढा ढीग. त्याच्या पुढं माझी खुर्ची, समोरच्या भिंतीशी स्पीकर.

पहिली अडचण बायकोनं काढली. "अहो, कापसात वायरी नेता का?" यात तिची काहीच चूक नव्हती. घरातला कापूस एका ठिणगीनं पेटल्याच्या बातम्या आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग ॲम्प (स्पीकरला वीज पुरवून आवाज वाढवणारा डबा) बाहेर ओसरीत, खिडकीच्या पलीकडं ठेवला. आत फक्त स्पीकरच्या तारा घेतल्या, त्याही ढिगाच्या उलट्या बाजूनं. आवाज कमी-जास्त करायला फोन होताच. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. कापसासोबत राहायचं म्हणजे ती धरूनच चालावी लागते.

आणि काय सांगू, त्या महिन्यात आमची बैठक नागपूरच्या त्या दुकानापेक्षा चांगली वाजली. टाळी वाजवली तर तिथंच विरायची. फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकलं होतं. फोनचा माईक काही प्रयोगशाळेचा नसतो, पण कालच्यापेक्षा आज किती एवढं त्यावरून नीट समजतं. पंखा बंद, रातकिडे थंडीनं गप्प, अशा रात्री ॲप ३० च्या आत दाखवायचं. अशा शांततेत ४५ वर लावलेलं गाणंसुद्धा भरलेलं वाटतं. पंखा लावला की तेच ॲप ४३ वर जायचं, म्हणजे पंखा आणि तानपुरे एकाच उंचीवर येऊन भांडायचे.

शांततेची ही किंमत मला खरं तर आधीच माहीत असायला पाहिजे होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला दरवर्षी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. लाखो माणसं एका वेळी गप्प. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ती अनुभवली आहे. त्या एवढ्या गर्दीत तेव्हा झेंड्याचं कापड फडफडलेलं ऐकू आलं होतं.

तर जोड्या. पहिली अमरावतीच्या मित्राची, कमरेपर्यंत उंच, एकेका खांबात दोन आठ इंची वूफर. आणताना ऑटोवाल्यानं विचारलं, "डीजे हाय का सर?" खर्ज होता, नाही म्हणत नाही. आठ फुटांवरून ऐकलं तेव्हा डग्गा उतरला. पण तेवढ्या लांबून बाबांना त्रास न होईल इतका बारीक केला तर शब्द निसटायचे. खुर्ची पुढं ओढून चार फुटांवर बसलो तर गळा वरून आणि डग्गा गुडघ्याशी, दोघांची फारकत झाल्यासारखी. उंच खांबातल्या वेगवेगळ्या ड्रायव्हरांचा (म्हणजे आवाज काढणाऱ्या गोल पडद्यांचा) आवाज एकत्र मिसळायला थोडं अंतर लागतं. माझ्याकडं ते नव्हतं.

म्हणजे देता आलं असतं, पण तोवर मला अंतराचं गणित उमगलं होतं आणि ते सोडायला मी तयार नव्हतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो. खोलीत भिंतींमुळं तितका वाढत नाही, तरी वाढतो. आठ फुटांवरून चार-साडेचारवर आलो. तसं बटण तेवढ्यानं खाली करता आलं. मला तितकंच ऐकू येत होतं आणि बाबांच्या खोलीत जाणारा आवाज कमी झाला होता. सगळ्या खटाटोपात पैसे न लागता मिळालेली हीच एक गोष्ट, आणि हीच सगळ्यात मोठी.

दुसरी जोडी यवतमाळची, चार इंची वूफरची, पुस्तकांच्या फळीत बसेल एवढी. चार फुटांवरून गळा असा गोड की किशोरीबाई समोर मांडी घालून बसल्यात. तीन रात्री मी हिच्याच प्रेमात होतो. चौथ्या रात्री खंजिरीचं भजन लावलं आणि प्रेम संपलं. खंजिरीच्या चकत्यांची झणझण तेवढी आली, कातडीवरची थाप आलीच नाही. एवढ्या लहान कागदाला खालची हवा ढकलता येत नाही. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा असाच छोटा स्पीकर केला होता. त्यात खर्जाच्या वरची पट्टी मुद्दाम किंचित उचललेली होती, म्हणून तो अंगापेक्षा मोठा वाटायचा. माझ्या हातातल्या जोडीत तसली हुशारी नव्हती.

याच जोडीवर एक गंमत झाली. दिवसा बाबांना त्यांच्या आवडीचं भजन ऐकवलं. ते तरुणपणी आमच्या गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. ऐकून म्हणाले, "अबे, याच्या झांजा काहून काढून टाकल्या?" मला तर झांजा सोडून काही ऐकू येत नव्हतं! वय झालं की कानातून वरचे सूर आधी जातात, हे वाचलं होतं, पण तेव्हा ते समोर बसलेलं दिसलं. त्यांचे टोकाचे वाफे कधीचेच कोरडे झाले होते आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी सकाळी वेगळं लावतो, वरचे सूर बटणानं वाढवून. रात्रीचं माझं.

तिसरी जोडी साडेसहा इंची वूफरची, दोन ड्रायव्हरांचा साधा डबा, व्हार्फडेलच्या डायमंड मालिकेतली. (व्हार्फडेल ही यॉर्कशायरमध्ये १९३२ साली सुरू झालेली जुनी कंपनी. अशी जुनी नावं ऐकली की माझ्यासारख्याला उगीचच विश्वास वाटतो. तसा ठेवू नये.) चार फुटांवरून दोन्ही ड्रायव्हर एकजीव झाले. मग एक उलटं काम केलं. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढं ओढा असं जो तो सांगतो, कारण भिंतीजवळ खालचे सूर फुगतात. मला तर ते फुगायलाच पाहिजे होते. खालचे सूर डब्याभोवती चहूकडं पसरतात. मागं भिंत असली की तिकडं गेलेले परत खोलीत येतात. डब्याला मागं हवेचं भोक होतं म्हणून वीतभर जागा सोडली आणि बाकी भिंतीशी सारले. मोठ्या आवाजात हे बहुधा गढूळ वाटलं असतं. माझ्या आवाजात डग्गा परत आला. तबलजी चहा पिऊन जागेवर बसला.

तिन्ही जोड्या एकमेकींशी ताडून पाहताना प्रत्येक वेळी खुर्चीवर फोन ठेवून आवाज सारखा करून घेत होतो. हे केलं नसतं तर मी पुन्हा मोठी वाजणारीच उचलली असती.

स्पीकर ठरला, पण त्यानं काम अर्धंच झालं. कारण बारीक आवाजाचा दुसरा शत्रू ॲम्पमध्ये बसलेला असतो आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. उसन्या आणलेल्या छोट्या चिनी ॲम्पवर बटण अगदी सुरुवातीला, घड्याळाच्या साडेसातच्या काट्यापाशी आणलं की डावा स्पीकर बंद आणि उजवा चालू. थोडं पुढं नेलं की दोन्ही, पण गाणं उजवीकडं कललेलं. मी तारा बदलल्या, स्पीकर अदलाबदल केले, शेवटी स्वतःच्या कानावर संशय घेऊन दारव्ह्याला डॉक्टरकडं जाऊन मळ काढून आलो. दोष बटणाचा होता. त्या बटणात दोन बाजूंच्या दोन पट्ट्या असतात आणि फिरण्याच्या अगदी सुरुवातीला त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मोठ्या आवाजात ऐकणारा तिथं कधी थांबतच नाही, मी रोज तिथंच राहतो. उपाय साधा होता. फोनमधला आवाज अर्ध्यावर आणायचा आणि ॲम्पचं बटण पुढं, नऊ-दहाच्या काट्यावर न्यायचं. तिथं दोन्ही बाजू सारख्या होतात.

पण त्या ॲम्पला बारीक सुसकारा होता. स्पीकरला कान लावल्यावर येतो तो. आठ फुटांवरून कळला नसता. चार फुटांवरून, डिसेंबरच्या रात्री, आलापातल्या मोकळ्या जागेत कळायचा.

शेवटी ॲम्प घेतला यामाहाचा ए-एस३०१, वापरलेला, आणि तो एका गोष्टीसाठी घेतला. त्याला लाउडनेसचं वेगळं फिरतं बटण आहे. जुन्या डेकवर लाउडनेसचं दाबायचं बटण असायचं, दाबलं की ढबढब सुरू. हे तसं नाही. आधी मोठा आवाज ठरवायचा, आपण जास्तीत जास्त जितका ऐकतो तितका. मग मुख्य बटणाला हात न लावता या दुसऱ्या बटणानं आवाज उतरवायचा. ते मधले सूर जास्त कापतं आणि दोन्ही टोकांचे कमी. म्हणजे फ्लेचर-मन्सनचा तो खड्डा जवळपास भरून निघतो. मधल्या वाफ्यांचं पाणी तोडून टोकाला नेलं म्हणा ना. पहिल्यांदा मोठा आवाज ठरवायचा होता म्हणून आईला सांगून भरदुपारी, बाबा ओसरीत जागे असताना, दहा मिनिटं गाणं सोडलं. बाजूच्या वहिनी विचारायला आल्या, कोणाचं काय ठरलं का.

स्पीकरची जोडी मित्रानंच विकली. सगळं मिळून पन्नास हजारांच्या आत बसलं. बायकोला आकडा थोडा कमी सांगितला. हे ती वाचणार नाही अशी आशा आहे.

नवीन ॲम्पनं एक भांडण मात्र आणलं. रब्बीत रात्रीची थ्री-फेज आली की गावभरच्या मोटारी सुरू होतात आणि घरातला दाब असा उतरतो की बल्ब पिवळा पडतो. त्यासाठी स्टॅबिलायझर होता. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर. पण आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा. पंखा आणि दिवा त्यावर चालतात, पण ॲम्पचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर त्यावर भुंग्यासारखा गुणगुणायला लागतो. मोठ्या आवाजात कोणाच्या लक्षात येत नाही, बारीक आवाजात दुसरं काही लक्षात येत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी त्याच उन्हाळ्यात गेली तेव्हा सोबत प्युअर साइनवेव्हचा, म्हणजे लाईनीसारख्या गोलसर लहरीचा, नवा घेतला. ती योगायोगानं गेली. नसती गेली तर काय केलं असतं ते सांगत नाही.

कापूस मार्चमध्ये विकला. ट्रॅक्टर भरून गेला त्या रात्री गाणं लावलं आणि बैठक अनोळखी वाटली. मागच्या उघड्या भिंतीवरून आवाज परत यायचा, स्वरमंडळाच्या तारा दोनदा वाजायच्या, शब्दांच्या कडा बोथट. बटणं फिरवून पाहिली, स्पीकर वळवून पाहिले. कापसाची सर कशालाच नाही.

आणि मग एप्रिल लागला. एप्रिल म्हणजे कूलर. आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, बाबांच्या तब्येतीला कूलर बंद ठेवणं परवडत नाही. त्यांच्या खोलीतला कूलर बैठकीत ५८ डेसिबल दाखवतो. त्याच्या खाली गाण्यात जे काही असतं ते त्याच्यात बुडतं, मग तुमचा स्पीकर कोणताही असो. त्यावर मात करायला आवाज वाढवला असता तर सगळी खटपट कशासाठी केली? कूलर खिडकीबाहेर स्टँडवर काढला, पंपाखाली रबर घातलं, त्यानं चार-पाच आकडे उतरले. बाकी मी वेळच बदलली. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला उठतो. तेव्हा हवा जराशी गार असते, कूलर बंद करतो, बाबांची उरलीसुरली झोपही तोवर झालेली असते. नाहीतर रात्रीची लाईट जायची वाट पाहतो. लाईट गेली की कूलर थांबतो, साऱ्या गावाचे कूलर थांबतात, आणि नवा इन्व्हर्टर ॲम्प चालवत राहतो. लोडशेडिंगवर खूश होणारा गावात मी एकटाच असेन.

मागच्या भिंतीचं मात्र काही केल्या भागत नव्हतं. शेवटी आईच्या पेटीतल्या जुन्या गोधड्या काढल्या आणि भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून बांबूवर तीन थर टांगल्या. कापसाइतकं नाही, पण स्वरमंडळ एकदाच वाजायला लागलं. मे महिन्यात भिंतीवर गोधड्या पाहून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. परवा मामा आले होते, त्यांनीही विचारलं. मी डेसिबलपासून सुरुवात करणार तेवढ्यात आई चुलीपुढून म्हणाली, "काही नाई रे बापा. याच्या गान्याले थंडी वाजते."